पंप बंद करून दाखवा

घरात सहा फुटी मत्स्यटाकी बसवून देणारा फिटर काम संपलं की मोठ्या ऐटीत पंप चालू करून दाखवतो. चालू! त्यात दाखवण्यासारखं काय आहे? वीज मिळाली की पंप पाणी वर ढकलतो, हे त्याच्या खोक्यावर छापलेलंच असतं. मला बंद करून दाखवा. घरातल्या सगळ्यांना समोर उभं करा, प्लग उपसा आणि पाच मिनिटं कशालाही हात लावू नका. रिटर्न लाइनची परीक्षा पाणी चढताना होत नाही, चढायचं थांबल्यावर होते. ही गोष्ट ज्याच्या गावी नाही, त्याने लोकांच्या दिवाणखान्यात सातशे-सातशे लिटर पाणी उभं करायचा धंदा करू नये.

ज्यांच्या घरी असली टाकी नाही त्यांच्यासाठी आधी रचना सांगते. काचेची टाकी वर आणि तिच्या खालच्या कपाटात दुसरी लहान टाकी, तिला सम्प म्हणतात. वरच्या टाकीच्या कोपऱ्यात ओव्हरफ्लोची पेटी असते. पाणी तिच्या काठावरून सांडतं आणि पाइपातून आपल्या वजनाने सम्पमध्ये उतरतं. तिथे ते कापसातून, स्पंजातून, सिरॅमिकच्या तुकड्यांतून गाळलं जातं, शेवटच्या कप्प्यात येतं आणि तिथला पंप ते पुन्हा वर पाठवतो. हा वर जाणारा पाइप म्हणजे रिटर्न. खाली येणाऱ्या पाण्याला कोणाची मदत लागत नाही. वर जाणाऱ्याला वीज लागते आणि आपल्याकडे वीज जाते. भारनियमनाच्या काळात वेळापत्रक छापून जायची, आता न सांगता जाते. म्हणजे पंप बंद पडणं हा अपघात नाही, टाकीच्या दिनक्रमाचाच तो भाग आहे. आणि हे स्वयंघोषित जलतज्ज्ञ लाइन आखतात ती वीज अखंड असल्याचं गृहीत धरून.

आता वीज गेली की काय होतं ते पाहा. पंप थांबतो. रिटर्नचं नोझल टाकीत पाण्याखाली असतं, पाइप पाण्याने भरलेला असतो आणि त्याचं दुसरं टोक खाली सम्पमध्ये बुडालेलं असतं. झाला सायफन तयार. ज्या वाटेने पाणी वर गेलं त्याच वाटेने ते खाली यायला लागतं आणि नोझलच्या तोंडाशी हवा पोहोचेपर्यंत येतच राहतं. सहा फूट बाय दोन फुटांच्या टाकीत पाण्याची पातळी एक सेंटिमीटर उतरली की जवळजवळ ११ लिटर पाणी गेलं. नोझल पृष्ठभागाखाली १५ सेंटिमीटरवर असेल तर १६५ लिटर. कपाटातला सम्प असतो तीन फूट बाय सव्वा फूट बाय सव्वा फूट, काठोकाठ भरला तरी १३० लिटरचा. त्यात दोन-तृतीयांश पाणी आधीच असतं, म्हणजे जागा उरते ४०-४५ लिटरची. वजाबाकी तुम्हीच करा. पाण्याचे २० लिटरचे सहा जार फरशीवर ओतल्यासारखं होतं. शिवाय ओव्हरफ्लोच्या पेटीतलं आणि पाइपातलं पाणी वेगळंच. हे गणित चौथीतल्या पोराला येतं. टाकीला लाखभर रुपये घेणाऱ्याला येऊ नये?

पूर इथे संपत नाही. वीज परत येते. पंप पुन्हा सुरू होतो आणि सम्पमधलं पाणी वर फेकायला लागतो, पण त्यातलं बरंचसं पाणी आता सोफ्याखाली आहे. वरच्या टाकीची पातळी ओव्हरफ्लोच्या काठापर्यंत चढेस्तोवर खाली काहीच परत येत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पंपाचा कप्पा रिकामा होतो, पंप हवा ओढायला लागतो, कोरडा घरघरतो आणि घरात कोणी नसेल तर तापून जळतो. पुढे गाळणी कोरडी, पाण्याची हालचाल थांबलेली, प्राणवायू कमी होत चाललेला आणि टाकीत एक फुटी ऑस्कर मासा तोंड वर काढून हवेसाठी धडपडतोय. हे सगळं कशामुळे? नोझल एक वीत खाली ठेवलं म्हणून! ते खाली का ठेवलं, असं विचारलं तर उत्तर तयार असतं: 'वर ठेवलं की दिसतं.'

आमच्याच इमारतीत चौथ्या मजल्यावरच्या काकांकडे हे घडलं. तिसऱ्या मजल्यावरच्यांच्या छताचं प्लास्टर फुगलं, काकांच्या लाकडी फरशीच्या फळ्या उचलल्या गेल्या. टाकी बसवणाऱ्याला बोलावलं तेव्हा मी मुद्दाम तिथे हजर राहिले. गृहस्थ आले आणि पहिलं वाक्य टाकलं, "ताई, असं होऊच शकत नाही, मी एनआरव्ही टाकलाय." पायाखालची फरशी पचपचतेय आणि हा माणूस सांगतोय की असं होऊच शकत नाही!

या एनआरव्हीवर मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण या धंद्यातली सगळी लबाडी आणि सगळं अज्ञान त्या एका तुकड्यात एकवटलेलं आहे. एनआरव्ही म्हणजे पाण्याला एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह. आत एक झडप असते, काहींत तिला स्प्रिंग असते. पंप चालू असला की झडप उघडते, पाणी उलटं वळलं की मिटते. गच्चीवरच्या टाकीच्या लाइनला हा तुकडा उत्तम काम करतो, कारण त्या पाण्यात मासे हगत नाहीत. मत्स्यटाकीचं पाणी जिवंत असतं. त्यात शेवाळ आहे, माशांची विष्ठा आहे, झाडांच्या कुजलेल्या पानांचे तंतू आहेत, वाळूचे कण आहेत, बोअरचं पाणी असेल तर क्षारही आहेत. या सगळ्याचा थर पाइपाच्या आतल्या अंगाला बसतो आणि झडपेवरही बसतो. काकांचा व्हॉल्व्ह मी त्या गृहस्थांकडूनच उघडवून घेतला. रबरी बैठकीवर करड्या रंगाचा बुळबुळीत लेप होता, कडेला क्षारांची पांढरी खरखरीत रांगोळी, आणि झडप व बैठक यांच्या बरोबर मध्ये ज्वारीच्या दाण्याएवढी गोगलगाय अडकून बसलेली. झडप तिच्यावर टेकून किंचित तिरकी राहिली होती. तेवढी फट पाण्याला पुरते. आणि पुरासाठी मोठा धबधबा लागतच नाही. पाणी बारीक धारेने रात्रभर मागे आलं तरी सकाळी फरशीवर तेवढंच सापडतं.

यावर उत्तर काय मिळालं? "मग तीन-चार महिन्यांनी तो साफ करायचा असतो ना!" ऐकलंत? बसवताना 'निश्चिंत राहा' आणि बुडाल्यावर 'साफ करायचा असतो'. साफ करायचा असतो तर तो काढता येईल असा बसवायचा होता. दोन्ही बाजूंना युनियन लावायचं होतं, म्हणजे हाताने फिरवून तुकडा सुटा होतो. यांनी तो सॉल्व्हंट सिमेंटने दोन्हीकडून कायमचा चिकटवला होता आणि वर प्लायचा पडदा मारला होता. साफ करायला आधी सुतार आणायचा, मग आरीने पाइप कापायचा, मग कप्लिंग टाकून पुन्हा जोडायचा आणि सिमेंट पक्कं होईपर्यंत पंप बंद ठेवायचा. दर तीन महिन्यांनी! हे यंत्र सांभाळण्यासाठी माणूस टाकी ठेवतो की मासे पाहण्यासाठी?

आणखी संताप येतो तो पितळी एनआरव्ही पाहिला की. हार्डवेअरच्या दुकानात तो चटकन मिळतो, हातात जड लागतो, त्यामुळे दमदार वाटतो. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. तांबं पाण्यात उतरलं की आधी मरतात ते झिंगे आणि गोगलगायी, समुद्री टाकीत प्रवाळ. माशांच्या काही रोगांवर तांब्याचं औषध घालताना जाणकार माणूस झिंगे बाहेर काढतो, प्रमाण मोजतो, पाण्याची तपासणी करतो. आणि इकडे हा फिटर चोवीस तास पाणी ज्यातून जातं त्या लाइनीत तांब्याचा गोळा कायमचा बसवून देतो. पुढे झिंगे मेले की 'पाण्याचा पीएच बघा' असा सल्ला. पीएच कशाला बघू? तू काय बसवलंयस ते बघते ना!

काही जण स्वतःला अधिक हुशार समजतात. ते पाइपाला पाण्याच्या पातळीखाली जेमतेम एक बारीक भोक पाडतात. पातळी भोकापर्यंत उतरली की हवा आत शिरते आणि सायफन तुटतो. कल्पना चुकीची नाही. पण तीन-चार मिलिमीटरचं भोक, वरून चोवीस तासांतले दहा तास दिवा आणि सतत पाणी: शेवाळाला याहून चांगली जागा कोणती? थोड्याच दिवसांत त्या भोकावर हिरवा पापुद्रा चढतो आणि दुरून पाहिलं तर भोक आहे की नाही तेही कळत नाही. भोक ठेवा, दोन ठेवा, दातकोरणीने नियमाने साफ करा, माझी काहीच हरकत नाही. पण घराची भिस्त त्यावर ठेवू नका. व्हॉल्व्हला माणसाची आठवण लागते, भोकाला माणसाची आठवण लागते. नोझलच्या उंचीला कोणाचीच आठवण लागत नाही. नोझल पृष्ठभागाखाली दोन-तीन सेंटिमीटरवर असेल तर तुम्ही गावी गेलेले असा, झोपलेले असा, विसरलेले असा, मागे येणार जास्तीत जास्त तीस-पस्तीस लिटर आणि पेटी-पाइपातलं थोडं. तेवढी जागा सम्पमध्ये ठेवली की विषय संपला. आणि वर ठेवलेल्या नोझलने पृष्ठभाग हलता राहतो, माशांना प्राणवायू मिळतो तो तिथूनच. म्हणजे जे 'दिसतं' म्हणून यांना खुपतं, तेच माशांना हवं असतं.

आता पंपाकडे वळू. दुकानात गेलात की पहिला प्रश्न येतो, 'किती लिटरचा देऊ?' म्हणजे तासाला किती लिटर. सहा हजार, आठ हजार, दहा हजार, जणू जत्रेत लिलाव चाललाय. खोक्यावरचा तो आकडा शून्य उंचीवर, पाइपाशिवाय मोजलेला असतो. त्याच खोक्यावर दुसरा आकडा असतो, जास्तीत जास्त उंचीचा. चार मीटर लिहिलं असेल तर चार मीटरवर पंपातून येणारं पाणी शून्य. तुमची टाकी या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असते आणि ती नेमकी कुठे आहे हे ठरवतो पाइप. पंपाला अर्ध्या इंचाचा पाइप जोडून देणारा माणूस तुम्हाला सहा हजार लिटरचा पंप विकून शहाळ्याच्या नळीतून टाकी भरायला सांगतोय.

मी आकडे मांडून पाहिले आहेत, तुम्हीही मांडा. ६,००० लिटरचा, चार मीटर उंचीचा पंप. सम्पमधल्या पाण्यापासून वरच्या टाकीच्या पाण्यापर्यंत १.२ मीटर चढ. तीन मीटर पाइप आणि सहा एल्बो, म्हणजे वळणाचे जोड. अर्ध्या इंची पाइपातून ताशी साधारण दीड हजार लिटर येतं. एक इंचीतून साडेतीन हजारांच्या थोडं वर. सव्वा इंचीतून जवळजवळ साडेचार हजार. पंप तोच, चढ तोच, प्लगही तोच! फरक फक्त पाइपाच्या आतल्या व्यासाचा. दिजाँ शहरात पाणी आणणाऱ्या आंरी दार्सी या फ्रेंच अभियंत्याने पाइपातल्या घर्षणाचे प्रयोग १८५० च्या दशकात प्रसिद्ध केले. तेव्हापासून अभियांत्रिकीच्या प्रत्येक पुस्तकात सांगितलेलं आहे की तेवढंच पाणी न्यायचं तर घर्षणाचा तोटा व्यासाच्या साधारण पाचव्या घाताने बदलतो. व्यास निम्मा केलात की तोटा बत्तीस पट. दीडशे वर्षांहून जुनं हे ज्ञान आमच्या दुकानदारापर्यंत पोहोचलेलं नाही. पाणी कमी येतंय म्हटलं की तो मोठा पंप काढतो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. मग मोठा पंप त्याच अर्ध्या इंची पाइपात कोंडून घरघरतो, वीज खातो, त्याची उष्णता पाण्यात उतरते आणि एप्रिल-मेमध्ये पाणी तापलं म्हणून हेच महाशय तुम्हाला चिलर दाखवतात.

सीपीव्हीसी आणि यूपीव्हीसी या प्लॅस्टिकच्या पाइपांतला फरकही कोणी सांगत नाही. घराच्या गिझरच्या लाइनीतून उरलेला पिवळसर सीपीव्हीसी पाइप फिटरच्या पिशवीत असतो, तोच तो इथे घुसडतो. एक इंच म्हणून दिलेल्या सीपीव्हीसीचा आतला व्यास साधारण २३ मिलिमीटर भरतो, शेड्यूल ४० च्या पांढऱ्या यूपीव्हीसीचा साडेसव्वीस. नाव एकच, पोट वेगळं. गिझरसाठी बनवलेला पाइप थंड पाण्याला जास्त पैसे देऊन कशाला घ्यायचा, तोही अरुंद?

आणि ते एल्बो! इथे प्रवेश होतो इंटिरिअरवाल्यांचा. यांना टाकी हवी, मासे हवेत, पण पाणी मासळीपर्यंत कसं पोहोचतं ते दिसायला नको. पाइप भिंतीलगत, मग खाली, मग कोपऱ्यातून आडवा, मग लॅमिनेटच्या मागून वर, मग पुन्हा आत. प्रत्येक वळणावर काटकोनी एल्बो. एक इंची लाइनीत एक काटकोनी एल्बो पाण्याला पाऊण मीटर सरळ पाइपाइतका अडवतो. सहा एल्बो म्हणजे साडेचार मीटरचा पाइप, जो कुठेच दिसत नाही आणि तरी रात्रंदिवस पंपाशी भांडतो. काटकोनाऐवजी ४५ अंशांचे दोन एल्बो टाकले तर वळण सैल होतं. जिथे जमेल तिथे लवचिक नळी घेतली तर एल्बो लागतच नाही, आणि पंपाशी वीतभर नळी असली की त्याची थरथर कपाटाच्या प्लायमध्ये जाऊन रात्रभर गुणगुणतही नाही. पण हे सांगायचं कोणाला? सौंदर्यदृष्टी असल्याचा दावा करणाऱ्याला एका सरळ उभ्या पाइपात काय कुरूप दिसतं, हे मला कधी कळलेलं नाही. सरळ पाइप म्हणजे कमी अडथळा, कमी जोड, कमी गळती. ज्या कपाटातून सम्प बाहेर काढता येत नाही, ज्यात पंपाला हात पोहोचत नाही, ज्याच्या लाइनीवर एकही युनियन नाही, ते कपाट देखणं नाही, निर्बुद्ध आहे.

कपाटातल्या सम्पच्या मापाचीही हीच गत. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधलं मत्स्यालय १८७१ मध्ये उघडलं. विल्यम अल्फर्ड लॉइड या माणसाने त्याची पाण्याची व्यवस्था आखली होती. खाली अंधारात मोठा हौद, वर प्रेक्षकांसाठी टाक्या आणि पंपाने अखंड फिरणारं तेच ते समुद्राचं पाणी. त्याचा हौद वरच्या टाक्यांपेक्षा कितीतरी मोठा होता. त्याला कळत होतं की पाण्याचं आरोग्य वरच्या काचेत नसतं, खालच्या साठ्यात असतं. आपल्याकडे आजही सम्पचं माप काय ठरवतं? कपाटात झाडू आणि माशांच्या खाण्याचा डबा ठेवून जी जागा उरेल ती.

व्हॉल्व्हबद्दल एक खुलासा, नाहीतर हीच मंडळी माझ्या नावाने काहीतरी भलतंच सांगत फिरतील. पंपाच्या पुढे, बाहेर जाणाऱ्या लाइनीवर बॉल व्हॉल्व्ह असायला हवा. त्याने प्रवाह थोडा आवरता येतो, पंप काढताना लाइन बंद करता येते. पंपाच्या मागे, पाणी ओढणाऱ्या बाजूला मात्र कधीही आवळू नका, पंप आतून पोखरला जातो. आणि दहा हजारांचा पंप विकून तोच व्हॉल्व्ह निम्म्याहून जास्त बंद करून जाणाऱ्याला विचारा की चार हजार लिटर हवं होतं तर दहाचे पैसे का घेतले. बहुतेक वेळा खरं कारण हे असतं की खाली उतरणारा ड्रेन बारीक आहे, तेवढं पाणी त्याला झेपत नाही. ड्रेन नेहमी रिटर्नपेक्षा मोठा हवा, आणि एक अडला तर दुसरा तयार हवा. तेही समजा एकाच वेळी तुंबले, तर पंपाच्या कप्प्यातलं सगळं पाणी वर जाऊनही टाकी काठाच्या आत राहिली पाहिजे. वीस लिटरचा कप्पा या मापाच्या टाकीत पातळी दोन सेंटिमीटरने चढवतो. काठाशी तेवढी काच मोकळी ठेवणं एवढं अवघड आहे का?

तर माझं मागणं साधं आहे. शेवटचा हप्ता देण्याआधी फिटरला चहा द्या, खुर्ची द्या आणि त्याच्या देखत प्लग उपसा. एनआरव्ही असेल तर त्याची झडप आधी काढून ठेवायला सांगा. "तसं नाही चालणार ताई," असं तो म्हणाला की समजा उत्तर मिळालं. पाणी मागे यायचं पूर्ण थांबेपर्यंत सम्पकडे बघा. काठाखाली चार बोटं तरी जागा उरली तर पैसे द्या. मग पंप चालू करा, प्रवाह स्थिर होऊ द्या आणि त्या वेळी सम्पमध्ये पाणी जिथे असेल तिथे काचेवर बाहेरून पक्क्या मार्करने रेघ ओढा. रेघ कपाटाचं दार उघडल्या-उघडल्या दिसेल अशा बाजूला ओढा, कारण उन्हाळ्यात आटलेलं पाणी भरताना घरातलं जे कोणी बादली घेऊन बसेल, त्याला हात कुठे थांबवायचा ते तिथेच कळायला हवं.